एक कनेक्शन, अख्खं घर: ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये घरगुती नेटवर्क कसं उभारायचं

घरात नेटचं कनेक्शन एकच असतं. त्यावर टीव्ही, मुलांचे ऑनलाइन क्लास, ऑफिसचा लॅपटॉप, दाराचा कॅमेरा, प्रिंटर असं सगळं चालवायचं असतं. कनेक्शन लावायला आलेला मुलगा हॉलमध्ये डबा बसवतो, तिथेच उभं राहून फोनवर स्पीड दाखवतो आणि निघतो. मग आतल्या बेडरूममध्ये मीटिंग अडकायला लागते आणि लोक घाईघाईने वरचा प्लॅन घेतात. बहुतेक घरांत त्या जास्तीच्या पैशांनी काही फरक पडत नाही, कारण दुखणं बाहेरून येणाऱ्या नेटचं नसून घरातल्या वाटपाचं असतं.

आमचं घर घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये आहे. तिथे हे सगळं उभं केल्यावर कोपरखैरण्याला बहिणीच्या रो हाऊसमध्येही केलं. दोन्ही घरांची ठेवण पूर्ण वेगळी, तरी दोन गोष्टी तंतोतंत सारख्या निघाल्या. एक, वाटप एकाच राउटरने करायचं. दोन, भिंत आडवी आली की नवा डबा आणण्याआधी वायर ओढायची. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींवर उभ्या आहेत.

आधी जमवून ठेवा

कनेक्शनसाठी कागदपत्रं:
- आधार कार्ड. शक्यतो पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या.
- फोटो आणि चालू मोबाइल नंबर
- भाड्याचं घर असेल तर नोंदणी केलेला भाडेकरार
- वीजबिल, पत्त्याचा पुरावा म्हणून
- नवी केबल डक्टमधून वर आणायची असेल तर सोसायटीच्या ऑफिसची परवानगी. काही सोसायट्या ठरावीक ऑपरेटरनाच आत येऊ देतात, तेव्हा पैसे भरण्याआधी सेक्रेटरींना विचारून घ्या.

नेटवर्कसाठी सामान:
- एक चांगला राउटर, सगळे पोर्ट गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट नेणारे) असलेला
- कॅट ६ केबल (नेटवर्कची आठ तारांची लॅन वायर), मापाप्रमाणे मीटरवर कापून
- आरजे-४५ जॅक, म्हणजे त्या केबलच्या टोकाला लावायचे, लागतील त्यापेक्षा चार-सहा जास्त
- जॅक दाबून बसवायची क्रिम्पिंग पकड आणि साधा केबल टेस्टर
- पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, जिथे एका वायरवर दोन-तीन उपकरणं लागणार असतील तिथे
- घरात जुना राउटर पडला असेल तर तो. भंगारात देऊ नका, पाचव्या पायरीत त्याचं काम आहे.

हे सामान स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतं. सगळंच एकदम घ्यायचं असेल तर लॅमिंग्टन रोडची एक फेरी सार्थकी लागते.

कनेक्शन येईपर्यंत काय?

नव्या घरात नेट यायला काही दिवस जातात. तोवर फोनचं नेट पूर्ण घराला वाटता येतं. फोनचा हॉटस्पॉट सगळ्यांना माहीत आहे, पण एकाच कॉम्प्युटरला नेट हवं असेल तर यूएसबी टेदरिंग करा. फोन केबलने जोडायचा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. हे हॉटस्पॉटपेक्षा स्थिर चालतं आणि फोनची बॅटरीही उतरत नाही. मग त्या विंडोज कॉम्प्युटरवर ‘मोबाइल हॉटस्पॉट’ चालू केलं की तोच आणखी आठ उपकरणांपर्यंत नेट देतो. कॉम्प्युटर झोपला की सगळ्यांचं नेट जातं, त्यामुळे ही सोय तात्पुरतीच ठेवा.

## १. प्लॅनच्या आधी भिंती बघा

घोडबंदर रोड, कोलशेत, खारघर या भागांतल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओतलेल्या आहेत. बांधकामवाले याला मिवान म्हणतात. आतली, दोन बेडरूममधली भिंतही सळईच्या काँक्रीटची. वाय-फायला हे काँक्रीट फार जड जातं. वाय-फायच्या दोन पट्ट्या असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. त्यातला वेगवान ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पहिल्याच भिंतीत बराच गळतो आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे कामापुरताही उरत नाही. नौपाड्यातल्या किंवा वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींत आतल्या भिंती विटांच्या असतात. तिथे दोन खोल्यांचं घर एका राउटरवर सहज निघतं.

तुमची भिंत कोणती, हे खिळा ठोकून कळतं. विटेच्या भिंतीत तो जातो, काँक्रीटच्या भिंतीवर वाकतो. कोपरखैरण्यासारख्या रो हाऊसमध्ये खोल्या एकावर एक असतात, म्हणून तिथे अडसर स्लॅबचा. खाली लावलेल्या राउटरचं नेट दुसऱ्या मजल्यावर पोहोचेल अशी आशा धरू नका.

आता कागदावर घराचा साधा नकाशा काढा. नेट कुठून आत येतं, काम कुठे बसून होतं, टीव्ही कुठे आहे, एवढं त्यावर मांडा. अँड्रॉइड फोनवर वाय-फायची ताकद दाखवणारं एखादं मोफत अ‍ॅप घ्या. ते उणे डीबीएममध्ये आकडा दाखवतं: उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या आसपास नेट असून नसल्यासारखंच. राउटर ज्या जागी येणार आहे तिथे आधी फोनचा हॉटस्पॉट ठेवा आणि दुसरा फोन घेऊन खोलीखोलीत फिरा. फोनची ताकद राउटरपेक्षा कमी असते, पण कुठली भिंत किती खाते ते लख्ख दिसतं.

## २. ऑपरेटरला हे विचारूनच पैसे भरा

फायबर, म्हणजे प्रकाशाने नेट आणणारी काचेची केबल, घरापर्यंत येतंय की इमारतीपर्यंत? काही ठिकाणी फायबर गच्चीवरच्या किंवा डक्टमधल्या पेटीपर्यंतच येतं आणि पुढे तांब्याची लॅन केबल घरात आणतात. त्या पेटीतल्या स्विचला वीज लागते. इमारतीची वीज गेली की तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही नेट बंद. फायबर थेट घरात येत असेल तर मधल्या स्प्लिटरला (एका फायबरचे अनेक घरांसाठी फाटे करणाऱ्या डबीला) वीज लागत नाही. शक्य असेल तर हेच घ्या.

अपलोड किती? जाहिरातीत डाउनलोड दाखवतात. व्हिडिओ कॉलला आणि कॅमेऱ्याला अपलोड लागतं.

बिल एकूण किती? सांगितलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. बहुतेक ‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही महिन्याची एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की स्पीड उतरतो. तो आकडा विचारा.

आणखी एक हिशेब डोक्यात असू द्या. प्लॅनचा स्पीड मेगाबिटमध्ये असतो आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरणार. स्पीड कमी मिळतोय म्हणून भांडण्याआधी एवढा भागाकार करून बघा.

## ३. डबा कुठे बसवायचा हे तुम्ही सांगा

लावणारा माणूस दारातून आत येताच जिथे प्लग दिसेल तिथे डबा ठोकतो. त्याचंही बरोबर, त्याला दिवसात बरीच घरं करायची असतात. म्हणून जागा आधीच ठरवून, तिथे प्लग आहे ना हे बघून ठेवा. जागा घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीवर किंवा वर, उघड्यावर. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, इलेक्ट्रिकच्या डीबीला (मेन स्विचच्या पेटीला) चिकटून, फिशटँकजवळ अजिबात नको. फायबरची बारीक केबल भिंतीच्या कडेने आतपर्यंत नेता येते. तसं स्पष्ट सांगितलं तर लोक नेतात.

फायबरला कडक वळण चालत नाही. काटकोनात मोडलेली किंवा फर्निचरखाली चेपलेली केबल आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. उरलेल्या केबलचं वेटोळं तळहातापेक्षा मोठं ठेवा. टोकाच्या हिरव्या जोडाला बोट लावू नका, आणि त्यात डोळा लावून तर मुळीच बघू नका. आत लेझर असतो.

ऑपरेटर देतो तो डबा बहुतेक वेळा दोन कामं करतो. फायबरचं नेट उतरवून घेतो, ते ओएनटीचं काम. आणि घरात वाटतो, ते राउटरचं काम.

## ४. वाटप करणारा एकच ठेवा

ऑपरेटरकडून तुम्हाला बाहेरचा एकच पत्ता मिळतो. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला आतला एक पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. बाहेरून आलेलं उत्तर कुणाचं, हे तो लक्षात ठेवून योग्य उपकरणाकडे पाठवतो. सोसायटीच्या गेटवर आलेलं पार्सल वॉचमन विंग आणि फ्लॅट बघून वर पाठवतो, तसंच. पत्ते देण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात आणि आतला-बाहेरचा पत्ता जुळवण्याच्या कामाला नॅट.

हे १९२.१६८ चे पत्ते घर-ऑफिसच्या आतल्या वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत, तसेच १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ हेही. त्यामुळे शेजाऱ्याच्या घरात तोच आकडा असला तरी काही बिघडत नाही. घरातल्या घरात मात्र दोन वाटप करणारे झाले की गोंधळ सुरू होतो.

सगळ्यात जास्त घरं इथे अडकतात. ऑपरेटरचा डबा आधीच वाटप करत असतो. आपण बाजारातून चांगला राउटर आणून त्याच्या मागे जोडतो. आता दोन राउटर, दोन नॅट, घरात दोन वेगळी नेटवर्कं. नेट चालतं, म्हणून कळत नाही. पण हॉलमधल्या प्रिंटरला बेडरूममधला लॅपटॉप दिसत नाही, टीव्हीवर फोनची स्क्रीन जात नाही, ऑनलाइन गेम तक्रार करतो.

यावर दोन उपाय आहेत:
- ऑपरेटरला फोन करून त्याचा डबा ‘ब्रिज मोड’वर टाकायला सांगा. मग तो फक्त फायबर उतरवतो आणि वाटप तुमचा राउटर करतो. कनेक्शनला पीपीपीओई, म्हणजे ऑपरेटरकडे लॉगिन, लागत असेल तर त्याचं युजरनेम आणि पासवर्ड त्याच फोनवर लिहून घ्या.
- किंवा वाटप त्याच्याच डब्याला करू द्या आणि तुमचा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’वर टाका, म्हणजे तो पत्ते न वाटता फक्त वाय-फाय देतो. ऑपरेटर ब्रिज मोडला नाही म्हणत असेल तर हेच करा. घरगुती वापराला पुरेसं आहे.

राउटरची पानं उघडण्यासाठी ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकायचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाका. नेमका पत्ता आणि पहिला पासवर्ड राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. त्या स्टिकरचा फोटो आत्ताच काढून ठेवा.

## ५. भिंत आडवी आली की वायर

सिग्नल कमी पडला की लोक प्लगमध्ये खोचायचा रिपीटर आणतात. रिपीटर त्याच वाय-फायवर ऐकतो आणि त्याच वाय-फायवर पुढे बोलतो, त्यामुळे साध्या रिपीटरवर स्पीड निम्म्यावर येतो. शिवाय जिथे सिग्नल आधीच मेलेला आहे तिथे तो लावला तर मेलेलाच सिग्नल पुढे जाणार. मेश संच (घरभर ठेवायचे, एकमेकांना जोडलेले वाय-फायचे डबे) याहून बरे, पण काँक्रीटच्या भिंतींच्या घरात त्यांनाही एकमेकांशी बोलायला वाट लागते. तीच वाट वायरने दिली की साधा जुना राउटरही महागड्या मेशच्या तोडीचं काम करतो. कॅट ६ किंवा कॅट ५ई वायरवर गिगाबिट स्पीड १०० मीटरपर्यंत जातो. आपल्या कुठल्याही फ्लॅटला ते लांबच लांब झालं.

वायर न्यायची कुठून? बहुतेक फ्लॅटमध्ये बिल्डरने हॉलपासून बेडरूमपर्यंत टीव्हीच्या आणि टेलिफोनच्या वायरींसाठी भिंतीत पाइप टाकलेले असतात. टेलिफोनचा पॉइंट आता कुणी वापरत नाही, पण त्याचा पाइप सोन्यासारखा आहे. दोन्ही टोकांच्या प्लेटी उघडा, जुन्या टेलिफोन वायरच्या टोकाला कॅट ६ पट्टीने घट्ट बांधा आणि एकाने हळूहळू ढकलायचं, दुसऱ्याने पलीकडून ओढायचं. गाठ जाड झाली तर वळणात अडकते, म्हणून टोकं एकापुढे एक ठेवून निमुळती गुंडाळा. वायर हलत नसेल तर जोर लावू नका. इलेक्ट्रिशियनकडे पाइपातून वायर ओढायची लांब स्प्रिंग असते, त्याला बोलवा. तासाभराचं काम.

पाइप नसेल तर स्कर्टिंगच्या वरून पांढरी केसिंग पट्टी. पीओपीचं सीलिंग असेल तर त्यावरून. एसीच्या नळ्यांसाठी ठेवलेल्या भोकातूनही एक बारीक वायर निघते. काँक्रीटच्या भिंतीला स्वतःहून ड्रिलने आरपार भोक पाडू नका. मिवानच्या घरात त्या भिंती इमारतीचं वजन पेलतात आणि आतली सळई कापली जाऊ शकते. त्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी लागते, आणि ती लागते हेच योग्य आहे.

विजेच्या २३० व्होल्टच्या पाइपातून लॅन केबल कधीच नेऊ नका. जागा असली तरी नाही, ‘सगळे नेतात साहेब’ म्हटलं तरी नाही.

केबल घेताना तिचं टोक बघा. बाजारात ‘कॅट ६’ छापलेली पण आत तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असलेली केबल भरपूर आहे. दुकानदार तिला सीसीए म्हणतात. ब्लेडने तार हलकेच खरवडा. खरवडल्यावर आत चंदेरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. दोन-तीन वेळा वाकवली तर ती तुटतेही लवकर. भिंतीत एकदा टाकलेली केबल वर्षानुवर्षं राहणार आहे, तिथे पैसे वाचवू नका.

जॅक लावताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवायचा. जॅकची क्लिप खाली आणि तोंड पुढे धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्याच्या जागी हिरवा घालायची चूक सगळ्यांच्या हातून होते, कारण डोळ्याला जोड्या शेजारी शेजारी हव्या असतात. तारा सरळ करून एका रेषेत कापा, जॅकमध्ये आठही तारांची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत आणि बाहेरचं जाड आवरणसुद्धा जॅकच्या आत थोडं गेलं पाहिजे. मगच पकड दाबा. टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागले की काम झालं. चारच तारा नीट लागल्या तरी नेट चालतं, पण १०० एमबीपीएसवरच थांबतं. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसतोय का, ते जोडल्याजोडल्या बघून घ्या.

### जुना राउटर दुसऱ्या टोकाला

त्यात अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्या. नसेल तर हाताने करा, याच क्रमाने.

जुना राउटर रीसेट करा आणि फक्त लॅपटॉपला केबलने जोडा. मुख्य नेटवर्कची वायर अजून लावू नका. आधी वाय-फायचं नाव आणि पासवर्ड टाका. मग लॅन आयपी, म्हणजे राउटरचा घरातला पत्ता, बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. राउटर पुन्हा चालू होईल, नव्या पत्त्यावर आत जा आणि शेवटी डीएचसीपी बंद करा. आता मुख्य राउटरची वायर याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. निळा किंवा वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट (बाहेरून येणाऱ्या नेटचा) रिकामाच राहू द्या. मुख्य राउटर पत्ते वाटतो त्या यादीत .२ येत नाही ना, हे तिथल्या डीएचसीपीच्या पानावर बघा. यादी १०० पासून सुरू केली की प्रश्न मिटतो.

## ६. वाय-फायची नावं आणि चॅनेल

दोन्ही राउटरना एकच नाव आणि एकच पासवर्ड द्या, म्हणजे फोन हॉलमधून बेडरूममध्ये जाताना स्वतःच जवळचा पकडतो. चॅनेल मात्र वेगळे ठेवा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. टॉवरमध्ये वरच्या, खालच्या, शेजारच्या सगळ्यांचं वाय-फाय याच तीन चॅनेलांवर दाटलेलं असतं, म्हणून तिथे चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि लॅपटॉप, टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर न्या.

स्मार्ट बल्ब, दाराची बेल, स्वस्त कॅमेरे यांना बहुतेक वेळा २.४ च कळतं. पहिल्यांदा जोडताना त्रास देत असतील तर ५ गिगाहर्ट्झ दहा मिनिटं बंद करा, उपकरण जोडा, पुन्हा चालू करा.

जे उपकरण जागचं हलत नाही, म्हणजे टीव्ही, डेस्कटॉप, कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), त्याला शक्य असेल तर वायरच द्या. मोकळी झालेली हवा फोनना मिळते.

## ७. कुलूप लावा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, तरी कृपा करून सोडू नका. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांना आलेल्या ई-मेलचा माग काढत तपास आपल्या सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या कनेक्शनपर्यंत आला. तिथलं वाय-फाय दुसऱ्यानेच वापरलं होतं, पण चौकशीला सामोरं जावं लागलं ते त्या घरातल्या माणसाला. कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिला फोन त्यालाच येतो.

- राउटरच्या अ‍ॅडमिन पानाचा मूळ पासवर्ड बदला. हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि सगळे हाच विसरतात.
- वाय-फायच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ लावा. पासवर्ड लांब हवा, मोबाइल नंबर किंवा फ्लॅट नंबर नको.
- डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा.
- राउटरमध्ये बाहेरून शिरायची सोय, रिमोट मॅनेजमेंट, बंद ठेवा.
- पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा. स्मार्ट बल्ब आणि कॅमेरेही त्यावरच टाका, म्हणजे ते तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचू शकत नाहीत. फक्त दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट असेल तर त्याचं गेस्ट नेटवर्क खरंच वेगळं राहतंय का, हे तपासा. बऱ्याच साध्या मॉडेलमध्ये राहत नाही.

शेजाऱ्यांना वायर देऊन बिल अर्धं-अर्धं करायचा विचार अनेकांच्या मनात येतो. घरगुती कनेक्शनच्या अटींत ते बसत नाही, आणि त्यांच्या घरातून जे काही होईल त्यावर नाव तुमचं लागेल. शेजारधर्मासाठी दुसऱ्या शंभर गोष्टी आहेत.

## ८. प्रिंटर, फाइली आणि कॅमेरा

सगळं एकाच नेटवर्कवर आलं की प्रिंटर एकदाच वाय-फायला जोडायचा, मग तो सगळ्यांचा. मुख्य राउटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधून प्रिंटरला कायमचा एक पत्ता द्या, नाहीतर वीज जाऊन आल्यावर त्याचा पत्ता बदलतो आणि लॅपटॉप त्याला शोधत बसतात. विंडोजवर फोल्डर शेअर करायचं असेल तर आधी घरच्या नेटवर्कचं प्रोफाइल ‘पब्लिक’वरून ‘प्रायव्हेट’ करा. एवढं न केल्यामुळे बाकी सगळं बरोबर असूनही दुसरा कॉम्प्युटर दिसत नाही.

गावी असताना घरचा कॅमेरा बघायचा असेल तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्याने सुरू होत असेल, तर ऑपरेटरने एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी थेट कॅमेऱ्याकडे पाठवायची राउटरची सोय) कितीही केलं तरी चालणार नाही. कॅमेऱ्याचं क्लाउड अ‍ॅप वापरा, नाहीतर ऑपरेटरकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा न बदलणारा बाहेरचा पत्ता, विकत घ्या.

## ९. वीज आणि पाऊस

राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घ्याच. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे जुळवा: व्होल्ट तेवढेच हवेत, बहुधा १२, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. ओएनटी वेगळा असेल तर त्यालाही यूपीएस लागतो, हे दुकानात आठवत नाही. टॉवरचा जनरेटर साधारणपणे लिफ्ट आणि जिन्याच्या दिव्यांपुरताच असतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

घरात बाहेरून तांब्याची लॅन केबल येत असेल तर विजा कडाडायला लागल्या की ती राउटरमधून काढून ठेवा. गच्चीवरून आलेल्या केबलमधून झटका येतो आणि आधी वॅन पोर्ट जळतो, कधीकधी त्याच्यामागचं सगळंच. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण अ‍ॅडॉप्टरमधून येऊ शकते. त्यामुळे मोठ्या गडगडाटात प्लगही काढावा.

## १०. नेट बंद पडलं तर या क्रमाने

आधी डब्यावरचे दिवे बघा. लॉस (LOS) नावाचा दिवा लाल असेल तर फायबरमध्ये प्रकाशच येत नाही. राउटर रीसेट करून काही होणार नाही. घरातली केबल कुठे मोडली-चेपली नाही ना एवढं बघा आणि थेट तक्रार करा. रस्ता खोदताना केबल तुटली असेल तर अख्ख्या इमारतीचं नेट गेलेलं असतं, सोसायटीच्या ग्रुपवर लगेच कळतं.

पॉनचा (PON लिहिलेला) दिवा स्थिर हिरवा असेल तर बाहेरची लाइन ठीक आहे. मग लॅपटॉप केबलने मुख्य राउटरला जोडा. केबलवर नेट चालतंय आणि वाय-फायवर नाही, तर दोष वाय-फायचा. केबलवरही नाही, तर आधी ओएनटी आणि मग राउटर, दोन्ही बंद करून दोन मिनिटांनी त्याच क्रमाने चालू करा. लॅपटॉपचा आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. वायर सैल आहे किंवा डीएचसीपी बंद पडलंय. आणि पत्ता मिळालाय पण तुमच्या नेहमीच्या मालिकेतला नाही, तर घरात कुणीतरी दुसरा वाटप करणारा जोडलाय. वीज जाऊन आल्यावर जुना राउटर आपोआप मूळ सेटिंगवर गेला असेल तरी असंच होतं.

मागे एक छोटं भोक असतं त्या रीसेट बटणाला टाचणी लावू नका. त्याने पीपीपीओईचा पासवर्डसुद्धा पुसला जातो आणि रविवारी संध्याकाळी तो सांगायला ऑपरेटरकडे कुणी फोन उचलत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘बॅकअप’ म्हणून पर्याय असतो, सगळं नीट चालू झाल्या दिवशीच त्याची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. तक्रार करताना तिचा नंबर मागा आणि तो मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. माणूस आला की त्याला आधी केबलवरचा स्पीड दाखवायला सांगा, वाय-फायवरचा नंतर.